शस्त्रक्रियागृहापासून किती तास? विद्यार्थ्यांच्या सागरी सफरीतील वैद्यकीय थांबा

जहाजावर राहून, तेथील रोजच्या कामाचा वाटा उचलत, नौकानयन आणि सागरविज्ञान शिकण्याच्या ज्या सफरी जगातील काही संस्था चालवतात, त्यांच्या वेळापत्रकात लागायची बंदरे, पाण्याचे नमुने घेण्याच्या जागा, अभ्यासाचे तास आणि परीक्षासुद्धा निघण्यापूर्वीच ठरलेल्या असतात. तरीही एखादा विद्यार्थी आजारी पडला आणि जहाजावरील औषधांनी तो बरा होण्यासारखा नाही असे दिसू लागले, की हे सारे बाजूला ठेवून जहाज रुग्णालयाच्या दिशेने वळवावे लागते. अशा वेळी कप्तानासमोर जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर एकट्या वैद्यकशास्त्राकडे नसते, कारण रुग्णाला शस्त्रक्रियागृहापर्यंत पोहोचायला किती तास लागतील हे वारा, प्रवाह, जहाजाचा वेग आणि बंदरातील सोयी ठरवतात, आणि तेवढे तास त्याच्या आजारात शिल्लक आहेत का याचा अंदाज शेकडो मैल दूर बसलेल्या डॉक्टरला, रुग्णाला हातही न लावता, करावा लागतो.

या प्रकारच्या शिक्षणाचे एक परिचित उदाहरण म्हणजे १९७१ साली कॉर्विथ क्रेमर यांनी स्थापन केलेली, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथील ‘सी एज्युकेशन असोसिएशन’ ही संस्था. महाविद्यालयीन विद्यार्थी तेथे आधी काही आठवडे किनाऱ्यावर शिकतात आणि मग काही आठवडे शिडाच्या जहाजावर काढतात. संस्थेच्या संस्थापकाचे नाव धारण करणारे जहाज प्रामुख्याने अटलांटिकमध्ये, तर ‘रॉबर्ट सी. सीमन्स’ हे दुसरे जहाज पॅसिफिकमध्ये फिरत आले आहे. जहाजावरील मंडळी तीन तुकड्यांत विभागलेली असतात आणि या तुकड्या आळीपाळीने चोवीस तास सुकाणू, शिडे, प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर सांभाळतात. त्यामुळे येथे विद्यार्थी हा प्रवासी नसतो. तो आजारी पडला की एक रुग्ण वाढतो आणि त्याच वेळी काम करणारे दोन हात कमी होतात, शिवाय रुग्णाजवळ रात्रंदिवस कोणीतरी बसायचे म्हणून आणखी दोन हात गुंततात.

जहाजावर डॉक्टर का नसतो, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. व्यापारी जहाजांवरील कामगारांच्या हक्कांसंबंधी २००६ साली झालेला आणि २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आलेला आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार असे सांगतो, की ज्या जहाजावर १०० किंवा अधिक माणसे आहेत आणि जे साधारणतः तीन दिवसांहून अधिक लांबीच्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला जाते, त्यावर पात्र डॉक्टर असलाच पाहिजे. त्याहून लहान जहाजावर मात्र वैद्यकीय उपचारांचे प्रशिक्षण घेतलेला एखादा अधिकारी पुरेसा मानला जातो. याच करारानुसार १५ किंवा अधिक खलाशी असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब प्रवास करणाऱ्या जहाजावर रुग्णासाठी वेगळी खोली राखावी लागते. शिडाच्या प्रशिक्षण-जहाजांना कोणत्या देशाचा कोणता नियम लागू पडतो हे त्यांच्या ध्वजावर आणि वर्गवारीवर अवलंबून असते, पण माणसांची संख्या शंभराच्या बरीच खाली असल्याने व्यवहारात तेथे बहुधा डॉक्टर नसतो. उलट शेकडो विद्यार्थ्यांना घेऊन जगप्रदक्षिणा करणारी ‘सेमिस्टर अ‍ॅट सी’सारखी सफर प्रवासी जहाजावर चालते आणि तेथे डॉक्टर, परिचारिका आणि छोटा दवाखाना असतो, तेथेही मोठी शस्त्रक्रिया होत नाही, पण रुग्णाला तपासणारे प्रशिक्षित हात तरी जवळ असतात.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. मुंबईच्या बंदरात १९२७ साली ‘डफरिन’ हे प्रशिक्षण-जहाज सुरू झाले, १९७२ साली त्याची जागा ‘राजेंद्र’ने घेतली आणि १९९३ पासून हे शिक्षण नवी मुंबईत किनाऱ्यावरील ‘चाणक्य’ या संस्थेत दिले जाऊ लागले. नांगरलेल्या जहाजावरच्या विद्यार्थ्याला मुंबईतील रुग्णालय होडीच्या अंतरावर होते. आज मात्र अशा संस्थांतून बाहेर पडणारा प्रशिक्षणार्थी, ज्याला व्यवहारात कॅडेट म्हणतात, प्रत्यक्ष मालवाहू जहाजावर महिनोन्महिने शिकतो आणि त्या जहाजावर वीस-पंचवीसच माणसे असतात. त्याच्या पोटात दुखू लागले तर त्याला तपासणारा माणूस हा बहुधा त्याच्याच जहाजाचा दुसरा किंवा मुख्य अधिकारी असतो, ज्याचे मूळ काम नकाशे, मार्ग आणि माल पाहण्याचे असते. गोव्याच्या गोदीत बांधलेली आणि कोची येथून चालणारी ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही नौदलाची शिडाची प्रशिक्षण-जहाजे तुलनेने सुरक्षित म्हणावी लागतात, कारण त्यांच्या मागे नौदलाची जहाजे, हेलिकॉप्टर आणि रुग्णालये उभी असतात.

जमिनीवर अंतर आणि वेळ यांचे नाते बऱ्यापैकी सरळ असते. समुद्रावर तसे नसते. होनोलुलू ते ताहितीतील पपीती हे अंतर सुमारे २,४०० सागरी मैल आहे, एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी सात सागरी मैलांच्या, म्हणजे नाविकांच्या भाषेत सात नॉटच्या वेगाने न थांबता गेले तरी हे अंतर कापायला चौदा दिवस लागतात, आणि त्यातील मधल्या कित्येक दिवसांत दोन्ही टोकांची रुग्णालये सारखीच दूर असतात. त्यात शिडाचे जहाज थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. समोरून वारा असेल तर त्याला नागमोडी मार्गाने, पुन्हा पुन्हा दिशा बदलत, प्रत्यक्ष अंतराच्या कितीतरी अधिक मैल चालावे लागते. अशा जहाजाला इंजिनही असते, पण त्याचा इंधनसाठा मर्यादित असल्याने ते कोठवर वापरायचे याचाही हिशेब करावा लागतो. म्हणून वाऱ्याच्या दिशेला असलेले ६०० मैलांवरचे बंदर हे वाऱ्याविरुद्धच्या ४०० मैलांवरील बंदरापेक्षा रुग्णाला जवळचे ठरू शकते.

आणि बंदर जवळ असले तरी तेथे काय आहे, हा प्रश्न उरतोच. मध्य पॅसिफिकमधील किरिबाटी या देशाची बेटे हजारो किलोमीटरच्या पट्ट्यात विखुरलेली आहेत. त्यांपैकी कँटन बेटावर मोजकीच कुटुंबे राहतात, किरितिमाती बेटावर वस्ती आणि धावपट्टी आहे, पण आठवड्यातून मोजकीच विमाने उतरतात. तेथे पोहोचणे म्हणजे उपचार मिळणे नव्हे, तर पुढच्या विमानाची वाट पाहू शकणे. त्यामुळे अनुभवी कप्तान नकाशावर सर्वांत जवळची जमीन शोधत नाही. जेथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी एकत्र आहेत अशी जागा शोधतो, किंवा जेथून अशा जागी विमानाने जाता येईल अशी धावपट्टी शोधतो.

हेलिकॉप्टर येऊन रुग्णाला उचलून नेईल, ही कल्पना चित्रपटांनी रुजवली आहे. किनाऱ्यावरून निघणारे मध्यम आकाराचे हेलिकॉप्टर साधारणपणे दीडशे ते दोनशे सागरी मैलांपर्यंत जाऊन, वर तरंगत रुग्णाला उचलून परत येऊ शकते. त्यापलीकडे इंधन भरण्यासाठी वाटेत एखादी युद्धनौका किंवा तसे खास विमान लागते. शिवाय शिडाच्या जहाजाच्या उंच डोलकाठ्या आणि त्यांना आधार देणारे दोरखंड यांच्यामधून दोरी खाली सोडणे धोक्याचे असल्याने काही वेळा रुग्णाला आधी छोट्या होडीत उतरवून, ती होडी जहाजापासून दूर नेऊन, तेथून वर उचलावे लागते. लाटा मोठ्या असतील तर ही उतरवाउतरव मूळ आजाराहून घातक ठरू शकते, आणि हे वैमानिक, कप्तान व डॉक्टर या तिघांनाही मान्य झाल्याशिवाय केले जात नाही.

हेलिकॉप्टरच्या पलीकडच्या पाण्यात काय घडते हे सप्टेंबर २०१८ मध्ये भारतीयांनी जवळून पाहिले. ‘गोल्डन ग्लोब’ या एकट्याने जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत भारतीय नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी यांच्या गोव्यात बांधलेल्या ‘तुरीया’ या नौकेची डोलकाठी २१ सप्टेंबर रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. ते विद्यार्थी नव्हते, पण त्यांच्या सुटकेचा क्रम कोणत्याही दूरच्या वैद्यकीय थांब्याला लागू पडतो. विमानांनी नौका शोधली, त्या पाण्यात असलेले फ्रान्सचे मच्छीमारी-गस्तीचे जहाज ‘ओसिरिस’ २४ सप्टेंबरला त्यांच्यापर्यंत पोहोचले, त्यांना फ्रान्सच्या ताब्यातील अ‍ॅम्स्टरडॅम बेटावरील छोट्या दवाखान्यात नेण्यात आले आणि तेथून भारतीय नौदलाच्या ‘सातपुडा’ या युद्धनौकेने त्यांना घेतले. तीन दिवस ते आपल्या बिछान्यावरून हलू शकत नव्हते. मदत येण्याचा वेग त्या पाण्यात कोणते जहाज योगायोगाने किती दूर आहे यावर अवलंबून होता.

विद्यार्थ्यांच्या वयोगटाचा विचार केला तर सर्वांत कठीण निर्णय बहुधा अपेंडिक्सच्या दाहाचा असतो, कारण हा आजार दहा ते तीस या वयात अधिक आढळतो, अचानक येतो आणि आधीच्या कोणत्याही तपासणीत त्याचा सुगावा लागत नाही. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या करंगळीएवढ्या पोकळ शेपटीला, म्हणजे आंत्रपुच्छाला सूज येते. सुरुवातीला दुखणे बेंबीभोवती मोघम असते, भूक जाते, मळमळते, आणि काही तासांनी दुखणे पोटाच्या उजव्या खालच्या भागात स्थिरावते. कमरेच्या उजव्या हाडाच्या पुढील टोकापासून बेंबीपर्यंत रेषा कल्पिली तर हाडाकडून एक तृतीयांश अंतरावरील बिंदू दाबल्यावर सर्वाधिक दुखते, असे अमेरिकी शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली नोंदवले आणि तो बिंदू त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र समुद्रावर ही लक्षणे फसवी ठरतात, कारण पहिल्या काही दिवसांत बोट लागल्यामुळे अर्ध्या विद्यार्थ्यांची भूक गेलेली असते आणि त्यांना मळमळत असते. मुलींमध्ये बीजकोशाचा पीळ किंवा गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा, आणि कोणाच्याही बाबतीत मूतखडा, हीच लक्षणे घेऊन येऊ शकतात. रुग्णालयात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन काही मिनिटांत शंका मिटवते. जहाजावर तापमापक, नाडी, लघवीची साधी तपासणी आणि दर काही तासांनी त्याच हाताने त्याच जागी पोट दाबून पाहणे एवढेच असते. तरीही या पुनःपुन्हा केलेल्या तपासणीची किंमत मोठी आहे, कारण दूरच्या डॉक्टरला एका वेळच्या स्थितीपेक्षा सहा तासांत काय बदलले हे अधिक उपयोगी पडते.

सुजलेले अपेंडिक्स फुटले तर त्यातील जंतू पोटाच्या आतील आवरणावर पसरतात, त्या आवरणाचा दाह होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. दुखणे सुरू झाल्यापासून पहिल्या दीड दिवसात फुटण्याचा धोका कमी असतो आणि त्यानंतर तो वाढत जातो, असे अभ्यासांत दिसले आहे. म्हणूनच तीन दिवसांच्या अंतरावर असलेल्या जहाजाला खात्री होईपर्यंत थांबणे परवडत नाही. खात्री होते त्या वेळी बहुधा उशीर झालेला असतो. निदान चुकीचे निघाले आणि बंदरात पोहोचल्यावर विद्यार्थी साध्या पोटदुखीने आजारी होता असे कळले, तर चार-पाच दिवस आणि बरेच इंधन वाया जाते, पण उलट चूक भरून निघत नाही. लवकर वळणारा कप्तान भित्रा असतो, अशी समजूत जहाजांवर अजूनही अधूनमधून आढळते आणि तिचे समर्थन कोणत्याही हिशेबाने करता येत नाही.

वळणे अशक्यच असेल तेव्हा काय होते, याचे गाजलेले उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील आहे. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेची ‘सीड्रॅगन’ ही पाणबुडी दक्षिण चिनी समुद्रात शत्रूच्या पाण्यात असताना डॅरेल डीन रेक्टर या १९ वर्षांच्या खलाशाला अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला. पाणबुडीवर डॉक्टर नव्हता. व्हीलर लाइप्स हा औषधसाहाय्यक होता, ज्याने अशा शस्त्रक्रिया पाहिल्या होत्या, केली एकही नव्हती. अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर, वाकवलेल्या चमच्यांनी जखमेच्या कडा बाजूला धरून, चहाच्या गाळणीतून इथरची भूल देऊन आणि पाणतीरांसाठी साठवलेल्या अल्कोहोलने साधने निर्जंतुक करून सुमारे अडीच तासांत त्याने अपेंडिक्स काढले आणि रुग्ण वाचला. या घटनेवरील वृत्तांताला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पण वैद्यकशास्त्राने या शौर्यातून घेतलेला धडा अशा शस्त्रक्रिया वाढवाव्यात असा नव्हता. प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर पाणबुड्यांवर औषधोपचाराने रुग्णाला धरून ठेवण्याचीच पद्धत रूढ झाली.

त्या पद्धतीला अलीकडे भक्कम आधार मिळाला आहे. अमेरिकेत १,५५२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी फक्त प्रतिजैविके देण्यात आली, आणि त्यांपैकी दहातील सुमारे तिघांना ९० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करावीच लागली. म्हणजे उरलेल्या सातांचे त्या काळात तरी औषधांवर भागले. अपेंडिक्सच्या पोकळीत खडा असलेल्या रुग्णांत मात्र औषधे अधिक वेळा अपुरी पडली, आणि तो खडा स्कॅनशिवाय दिसत नाही. जहाजावरच्या माणसाने यातून एवढेच घ्यायचे, की शिरेतून दिलेली प्रतिजैविके, तोंडाने काही न देता सलाईन आणि पुरेशी वेदनाशामके यांनी प्रवासाचे दिवस बहुतेक रुग्णांत निभावून नेता येतात. प्रवासच टाळता येतो, असा याचा अर्थ होत नाही. वेदनाशामक दिले तर लक्षणे झाकली जातील म्हणून रुग्णाला तळमळत ठेवण्याची जुनी रीत मात्र आता सोडून दिलेली बरी, कारण तिने निदान सुधारत नाही असे सिद्ध झाले आहे.

औषध कोणते आणि किती द्यायचे हे सांगणारा आवाज रेडिओवरून येतो. त्यापूर्वीच्या काळात कप्तानाजवळ फक्त पुस्तक असे; ब्रिटनमध्ये १८६८ साली हॅरी लीच यांनी कप्तानांसाठी लिहिलेली वैद्यक-मार्गदर्शिका पुढे शंभराहून अधिक वर्षे सुधारित आवृत्त्यांतून चालू राहिली, आणि जागतिक आरोग्य संघटनेची जहाजांसाठीची मार्गदर्शिका १९६७ पासून वापरात आहे. बिनतारी संदेश जहाजांवर पोहोचल्यावर न्यूयॉर्कमधील खलाशांच्या एका सेवाभावी संस्थेने १९२० च्या सुमारास आणि स्वीडनमधील गोथेनबर्गच्या सालग्रेन्स्का रुग्णालयाने १९२२ साली समुद्रावरील जहाजांना वैद्यकीय सल्ला द्यायला सुरुवात केली. रोममध्ये १९३५ साली डॉ. ग्वीदो ग्वीदा यांनी स्थापन केलेल्या केंद्राचे पहिले अध्यक्ष बिनतारी संदेशवहनाचे जनक गुल्येल्मो मार्कोनी होते. ते केंद्र कोणत्याही देशाच्या जहाजाला विनामूल्य सल्ला देत आले आहे. आज अशी केंद्रे अनेक देशांत आहेत, आणि उपग्रहामुळे बोलण्याबरोबर जखमेचे छायाचित्र किंवा हृदयाचा आलेखही पाठवता येतो.

या संभाषणाला एक ठरलेली शिस्त असते. जहाजाचे स्थान, दिशा, वेग आणि जवळची बंदरे आधी सांगितली जातात, मग रुग्णाचे वय, लिंग, आधीचे आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधे, त्यानंतर तक्रारीचा काळानुसार क्रम, आणि शेवटी ताप, नाडी, श्वास, रक्तदाब यांचे आकडे व जहाजाच्या औषधपेटीत काय आहे याची यादी. भाषा जुळत नसेल तर आंतरराष्ट्रीय संकेतावलीतील वैद्यकीय विभाग उपयोगी पडतो, ज्यात प्रत्येक लक्षणाला आणि उपचाराला तीन अक्षरांचा संकेत दिलेला आहे. प्रत्यक्ष जहाज बुडण्याचा धोका नसून माणसाचा जीव धोक्यात असतो तेव्हा रेडिओवर ‘पॅन पॅन’ ही तातडीची हाक दिली जाते, जी ऐकणाऱ्या इतर जहाजांनी रेडिओवाहिनी मोकळी ठेवून लक्ष द्यायचे असते. पुढची सूत्रे समुद्री बचाव-समन्वय केंद्राकडे जातात. भारताच्या वाट्याला आलेले सुमारे ४६ लाख चौरस किलोमीटरचे बचावक्षेत्र तटरक्षक दल मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर येथील केंद्रांतून सांभाळते. अमेरिकी तटरक्षक दलाने १९५८ साली सुरू केलेल्या आणि आता जगभरच्या जहाजांनी स्वेच्छेने आपले स्थान कळवून चालवलेल्या ‘अ‍ॅम्व्हर’ या व्यवस्थेमुळे रुग्णाच्या आसपास कोणती जहाजे आहेत आणि त्यांपैकी कोणावर डॉक्टर आहे हे काही मिनिटांत समजू शकते. कित्येकदा बंदराकडे वळण्याऐवजी डॉक्टर असलेल्या मोठ्या जहाजाला वाटेत गाठणे अधिक शहाणपणाचे ठरते.

अपेंडिक्स हे ठळक उदाहरण झाले. थांब्याची इतर कारणे साधी पण संख्येने अधिक असतात. बोट लागण्याकडे हसण्यावारी पाहिले जाते, पण काही जणांत उलट्या दिवसेंदिवस थांबत नाहीत, पोटात औषधाची गोळीही टिकत नाही आणि शरीरातील पाणी व क्षार इतके कमी होतात की सलाईनशिवाय गत्यंतर नसते. ओल्या डेकवर घसरून मनगट मोडणे, डोलणाऱ्या आडव्या काठीचा डोक्याला फटका बसणे, उकळत्या भांड्याने भाजणे, दाताच्या मुळाशी गळू होणे हे नेहमीचे प्रकार आहेत. यांतील डोक्याच्या दुखापतीबाबत विशेष सावध राहावे लागते, कारण वरवर ठीक दिसणाऱ्या रुग्णाच्या कवटीत सावकाश रक्त साठत असेल तर ते पहिल्या दिवशी कळत नाही. मानसिक आजाराचा उल्लेखही टाळता कामा नये. घरापासून तोडलेली, झोपेचे चक्र मोडणारी, एकांत मिळू न देणारी ही जीवनपद्धती काही तरुण मनांना झेपत नाही, आणि आत्मघाताचे विचार बोलून दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला किनाऱ्यावर नेणे हे फुटू पाहणाऱ्या अपेंडिक्सइतकेच तातडीचे मानले गेले पाहिजे.

निर्णय अखेर कप्तानाचा असतो आणि कायद्याने तो मुद्दाम त्याच्याच हाती ठेवला आहे. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारात स्पष्ट तरतूद आहे, की सुरक्षेसाठी कप्तानाला आवश्यक वाटणारा निर्णय घेण्यापासून जहाजाचा मालक, भाडेकरू कंपनी किंवा अन्य कोणीही त्याला रोखू शकत नाही. किनाऱ्यावरचा डॉक्टर सल्ला देतो, संस्था मत देते, पालक फोनवर विनवतात. पण बोर्डिंगच्या शाळेतल्याप्रमाणे हा प्रश्न व्यवस्थापनाकडे सोपवून मोकळे होता येत नाही. परक्या देशाच्या प्रादेशिक समुद्रात शिरण्याबाबतही कायदा उदार आहे: १९८२ च्या सागरी कायद्याच्या कराराप्रमाणे तेथून निरुपद्रवी जाण्याचा हक्क सर्व जहाजांना असला तरी विनाकारण थांबता किंवा नांगर टाकता येत नाही, मात्र संकटात असलेल्या माणसाला मदत करण्यासाठी थांबणे हा त्याला स्पष्ट अपवाद आहे.

कागदपत्रांचे ओझे तरीही चुकत नाही. आधी न कळवलेल्या बंदरात शिरताना जहाज पिवळा ध्वज उभारते, ज्याचा अर्थ जहाज निरोगी आहे आणि किनाऱ्याशी व्यवहाराची परवानगी हवी आहे असा होतो. त्याबरोबर जहाजावरील आजारांची लेखी घोषणा बंदर आरोग्य अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि आजार संसर्गजन्य असण्याची शंका असेल तर रुग्ण उतरण्याआधीच बाकी सर्वांना अडकून पडावे लागू शकते. रुग्णाचा व्हिसा, त्याच्याबरोबर उतरणारा सोबती, स्थानिक एजंट, रुग्णवाहिका, विमाकंपनीची हमी यांची जुळवाजुळव जहाज अजून समुद्रात असतानाच सुरू झाली नाही, तर धक्क्यावर मौल्यवान तास फुकट जातात. २०२० च्या वसंतात तर कोरोनाच्या साथीमुळे साऱ्या जगाच्या बंदरांनीच दारे लावून घेतली. त्या वेळी ‘वाइल्ड स्वान’ या डच शिडाच्या जहाजावरील १४ ते १७ वयाच्या सुमारे दोन डझन विद्यार्थ्यांना क्युबाहून विमानाने घरी जायचे होते. तो मार्ग बंद झाल्याने ते अटलांटिक महासागर जहाजानेच ओलांडून २६ एप्रिल रोजी नेदरलँड्समधील हार्लिंगनला पोहोचले. पुरेसे अन्न आणि गरम कपडे कॅरिबियन बेटांवरच भरून घेतल्यामुळे हे साधले, पण वाटेत कोणाला शस्त्रक्रिया लागली असती तर कोणते बंदर उघडले असते, हा प्रश्न त्या पाच आठवड्यांत कप्तानाच्या मनातून गेला नसेल असे मानणे कठीण आहे.

थांब्याची झळ अभ्यासालाही बसते. ‘सी एज्युकेशन असोसिएशन’च्या विद्यार्थ्यांनी १९८६ पासून बावीस वर्षे अटलांटिक आणि कॅरिबियन समुद्रात सहा हजारांहून अधिक वेळा बारीक जाळे ओढून ६४,००० च्या वर प्लास्टिकचे तुकडे वेचले, आणि त्या नोंदींवर आधारलेला शोधनिबंध २०१० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. अशा मालिकेचे मोल तिच्या सातत्यात असते, म्हणून मार्ग बदलल्यावरही शक्य तेथे जाळे ओढले जाते, फक्त वेग कमी करून थांबावे लागेल अशी खोल पाण्यातील निरीक्षणे सोडून दिली जातात. नव्या मार्गाची आखणी, वाऱ्याचा अंदाज, इंधनाचा हिशेब ही कामे काही कप्तान विद्यार्थ्यांनाही करायला देतात. हे योग्यच आहे, कारण इतके दिवस सरावासाठी सोडवलेल्या उदाहरणांना आता खरे उत्तर लागते. त्याच वेळी रुग्णाची माहिती मात्र मोजक्यांपुरतीच ठेवावी लागते. लहान जहाजावर काहीच लपत नाही हे खरे असले तरी कोणाला काय झाले हे आधी त्याच्या घरी कळावे, आणि इतर पालकांना नाव न घेता एवढेच सांगावे की जहाज वळले आहे व बाकीचे सुखरूप आहेत.

हे सारे टाळण्याचा प्रयत्न निघण्यापूर्वीच सुरू होतो. आरोग्यपत्रक, डॉक्टरांचे प्रमाणपत्र, दातांची तपासणी, दमा किंवा तीव्र अ‍ॅलर्जी असणाऱ्याजवळ दुप्पट औषधसाठा, मधुमेहींसाठी वेगळी योजना, एवढे कोणतीही जबाबदार संस्था पाहते. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक तळावर हिवाळाभर राहणाऱ्या डॉक्टरचे अपेंडिक्स आधीच काढलेले असावे लागते, कारण तेथे त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारा दुसरा कोणी नसतो. विद्यार्थ्यांकडून अशी अपेक्षा कोणी करत नाही आणि करूही नये. मात्र विद्यार्थी आजार लपवतात ही अडचण खरी आहे. सफर हुकेल या भीतीने जुनी नैराश्याची औषधे किंवा फिटचा एखादा झटका पत्रकात लिहिला जात नाही, आणि रेडिओवरच्या डॉक्टरला ती माहिती मिळते तेव्हा जहाज आठवडाभराच्या अंतरावर असते. माहिती दिली म्हणून प्रवेश आपोआप नाकारला जाणार नाही, असे संस्थेने आधीच स्पष्ट सांगितले तरच पत्रके खरी भरली जातात.

उतरवलेला विद्यार्थी परत येऊ शकतो का, हे आजारापेक्षा मार्गावर अधिक अवलंबून असते. दुर्बिणीतून केलेल्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर साधा वावर काही दिवसांतच सुरू होतो, पण शिडाचे दोर ओढणे, जड वस्तू उचलणे आणि डोलकाठीवर चढणे ही कामे काही आठवडे वर्ज्य असतात. त्यामुळे पुढचे बंदर पंधरा दिवसांत असेल आणि शल्यचिकित्सकाने लेखी परवानगी दिली, तर तो परत येऊन प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली जाळ्यातले जीव मोजणे, नोंदवही लिहिणे अशी बसून करायची कामे करू शकतो. पुढचा टप्पा पुन्हा दोन आठवड्यांच्या मोकळ्या पाण्याचा असेल, तर बहुतेक कप्तान परवानगीचे पत्र हातात असूनही त्याला घरी पाठवतात आणि उरलेला अभ्यासक्रम किनाऱ्यावरून पूर्ण करण्याची सोय संस्थेकडून करून घेतात.